मॉडेल रेल्वेचं इंजिन ढिम्म हलत नाही? प्लगपासून ब्रशपर्यंतची तपासणी

पुण्यातल्या घरांत मॉडेल रेल्वे येते ती साधारण ठरलेल्या वाटांनी. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेली मुलं हट्ट धरतात, अमेरिकेत किंवा जर्मनीत राहणारं कुणी बॅगेतून सेट आणतं, नाहीतर गणपतीच्या देखाव्यात फिरवायला म्हणून गाडी घेतली जाते. मग वर्षभर ती माळ्यावर. बाहेर काढून रूळ जोडले, कंट्रोलर फिरवला, दिवा लागला, पण इंजिन जागचं हलत नाही. 'मोटर जळली' असं म्हणून मोकळं होण्याचा मोह इथे होतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. भिंतीतल्या प्लगपासून मोटरच्या कार्बन ब्रशपर्यंत (फिरत्या भागाला टेकून वीज देणारे कार्बनचे तुकडे) पोचताना वीज डझनभर जोड ओलांडते. अडॅप्टरची पिन, कंट्रोलर, रुळाला लागणारी क्लिप, रुळांचे सांधे, चाकं, चाकांना टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, आतली सोल्डर केलेली तार, हे सगळं मोटरच्या आधी येतं. बिघाड बहुतेक वेळा त्यातच कुठेतरी असतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची आणि इंजिनाचा स्क्रू शेवटी उघडायचा.

इथे लिहिलेलं सगळं १२ व्होल्ट डीसीवर, दोन रुळांतून वीज घेणाऱ्या गाड्यांसाठी आहे. त्यांची मापं: एचओ, ओओ (दोन्हींच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) आणि एन (९ मिमी). इंजिनाच्या पोटात सेल घालायचे स्वस्त सेट वेगळे. त्यांची मोटर ३ ते ६ व्होल्टची असते, तिला १२ व्होल्ट दिले तर ती खरोखरच जळेल. त्या सेटमध्ये आधी सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा बघा. हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर इअरबडवर लिंबाचे दोन थेंब घेऊन ती पुसा, मग ओल्या बडने पुसून कोरडं करा. त्यांतले बरेच सेट एवढ्यावर उठून बसतात.

सामान काय लागेल? दोन-तीनशे रुपयांचा पिवळा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी हवी. बहुतेक मल्टिमीटरच्या आत तीच असते, त्यामुळे अडल्या वेळी तिथूनच काढता येते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, केमिकलच्या दुकानात किंवा तपकीर गल्लीत मोबाइल रिपेअरिंगचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळतं. त्याऐवजी घरातलं सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन किंवा जेल असतं, ते रुळांवर चिकट थर सोडतं आणि दुखणं वाढवतं. इअरबड, लाकडी टूथपिक, टोकदार चिमटा, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि सुती कापड घरात असतंच. आणखी एक वस्तू मुद्दाम आणा: दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब, त्याच्या दोन टोकांना वितीएवढ्या तारा जोडून. त्याचं काम पुढे येतंच.

आधी इंजिन काय सांगतंय ते ऐका

कंट्रोलर अर्ध्यावर ठेवा आणि इंजिनावर बोट टेकवा. पूर्ण शांतता असेल, कंट्रोलरचा दिवा नेहमीसारखा असेल, तर वीज मध्येच कुठेतरी तुटली आहे. कंट्रोलरचा दिवा मंद झाला, लुकलुकला किंवा गेला, तर शॉर्ट आहे. इंजिन गुणगुणतंय, गरम होतंय पण हलत नाही, म्हणजे वीज पोचली आहे आणि गिअर किंवा चाक जाम आहे. मोटर जोरात फिरल्याचा आवाज येतो पण चाकं उभी, तर मोटर आणि चाक यांच्यामधला दुवा निखळला आहे. आणि हलकंसं ढकललं की चालतं, पुन्हा थांबतं, हा प्रकार तर जवळजवळ नेहमीच घाणीचा. कोणता भाग आधी वाचायचा ते यावरून ठरवा. डबे मात्र प्रत्येक चाचणीत बाजूला काढून ठेवा. एखाद्या डब्याचं धातूचं चाक उलटं बसलं असेल तर तेवढ्यानेही शॉर्ट होतो.

अडॅप्टर आणि कंट्रोलर

लेबल वाचा. अमेरिकेतून आलेल्या जुन्या सेटच्या पॉवर पॅकवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. पिन बदलून तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला की प्राथमिक वाइंडिंगवर जवळजवळ दुप्पट दाब येतो, आतला गाभा संपृक्त होतो आणि थर्मल फ्यूज किंवा वाइंडिंग काही मिनिटांत जातं. इंजिन त्या वेळी ठीकच असतं, गेलेला असतो तो पॅक. तो उघडून दुरुस्त करण्याच्या नादाला लागू नका, त्यात घरातली वीज खेळत असते. १२ व्होल्टचा, १ अँपिअरचा चांगला कंट्रोलर घेणं शहाणपणाचं. पॅक अजून शाबूत असेल तर २३०चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा, पॅकवर लिहिलेल्या व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) किमान दुप्पट क्षमतेचा. ६० हर्ट्झचा पॅक ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो, त्यामुळे तासन्‌तास चालू ठेवायचा नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलं असेल तर काहीच प्रश्न नाही, फक्त पिनचा जोड बदला.

जर्मनीहून आलेल्या मेर्क्लिन कंपनीच्या एचओ गाडीची गोष्ट निराळी. ती परंपरेने एसीवर चालते आणि रुळांच्या मधोमध असलेल्या खुंट्यांवरून वीज उचलते. तिच्या दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून वेगळी केलेली नसतात. साध्या दोन रुळांवर ती ठेवली की थेट शॉर्ट. तिला तिचेच रूळ आणि तिचाच सप्लाय लागतो.

आता मोजणी. रुळांपासून तारा काढा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, कंट्रोलर पूर्ण फिरवा. १२च्या आसपास आकडा यायला हवा. जुने साधे कंट्रोलर लोड नसताना १६-१७ सुद्धा दाखवतात, ते चालतं. त्यानंतर बल्ब लावा आणि नॉब हळूहळू फिरवा. एकदम फिरवला तर थंड फिलामेंट क्षणभर बराच जास्त करंट ओढतं आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर उगाच ट्रिप होतो. ५ वॅटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे डबे ओढणाऱ्या एचओ इंजिनाएवढा किंवा थोडा जास्तच. बल्ब लखलखीत पेटला की कंट्रोलर निर्दोष. मल्टिमीटर १२ दाखवतो पण बल्ब मिणमिणतो, असं झालं तर तार आतून तुटत आली आहे किंवा कंट्रोलर दमला आहे. बल्ब आणायला सांगितला तो याचसाठी. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे एका धाग्यावर लटकलेली तारसुद्धा त्याला १२ व्होल्ट दाखवते. बरेच जण याच आकड्यावर विश्वास ठेवून इंजिन उघडून बसतात.

कंट्रोलर ट्रिप झाला असेल तर प्लग काढून पाचेक मिनिटं थंड होऊ द्या. आतला थर्मल कटआउट निवल्यावर आपोआप जोडला जातो.

रूळ

बल्बच्या दोन तारा दोन रुळांवर टेकवत अख्खा फेरा फिरा. फीडरजवळ (कंट्रोलरची तार रुळाला जोडते तिथे) भरपूर आणि टोकाला मंद, तर मधला एखादा जोडपट्टीचा सांधा ढिला आहे. जोडपट्टी पक्कडीने अगदी हलकी दाबून घट्ट करा, नाहीतर लांबच्या टोकाला दुसरी फीडर तार जोडा. मोठा फेरा असेल तर दर दीड-दोन मीटरवर एक फीडर असलेला बरा.

बल्ब एखाद्या साइडिंगवर (मुख्य फेऱ्यातून फुटलेल्या बाजूच्या रुळावर) अजिबात पेटत नसेल तर आधी पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, कुठल्या बाजूला वळवलाय ते बघा. कितीतरी पॉइंट असे असतात की वळवलेल्या बाजूलाच वीज जाते, दुसरी बाजू मुद्दाम मेलेली असते. पॉइंटची जीभ शेजारच्या रुळाला नीट टेकली नाही तरी तेच होतं. जीभ आणि रूळ यांच्यात कागदाची घडी आयपीएत भिजवून दोनदा ओढून काढा.

शॉर्ट शोधायचा तर रुळांवरून सगळं उतरवा, फीडर काढा आणि दोन रुळांमधला रोध मोजा. तो अमर्याद यायला हवा, म्हणजे मीटरवर डावीकडे '१' दिसेल. काही सेटच्या क्लिपमध्ये रेडिओचा खरखराट थांबवणारा कपॅसिटर असतो, तिथे आकडा क्षणभर हलून मग अमर्याद होतो. रोध शून्याजवळ आला तर टाचणी, टिकली, जरीचा धागा, सजावटीच्या चकचकीत कागदाचा तुकडा, असलं काहीतरी रुळांत आडवं पडलेलं असतं. काही सापडलं नाही तर मांडणी बघा. गाडी वळून त्याच रुळावर उलटी परत येते असा लूप कुणी जोडला असेल तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो, आणि तो शॉर्ट कितीही पुसून जात नाही.

पुसणं मात्र नीट करा. पावसाळ्यात पुण्याच्या हवेतली ओल, त्यावर उदबत्तीचा धूर आणि निरांजनाच्या तेलाची काजळी. गणपतीच्या दिवसांत रुळांवर जो काळा थर बसतो तो नुसत्या कोरड्या कापडाने निघत नाही. सुती कापडावर आयपीए घेऊन रुळाचा माथा आणि आतली कड घासा, कापड काळं होणं थांबेपर्यंत. निकेल सिल्व्हरचे रूळ लवकर साफ होतात. पितळी रूळ हट्टी, त्यांचा ऑक्साइड वीज अडवतो. त्यांना रूळ घासायचं खास रबर लागतं. पॉलिश पेपर वापरू नका, त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण आणखी लवकर भरते. आणि भांडी घासायच्या लोखंडी तारेला तर हातही लावू नका. तिचे केसासारखे तुकडे मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात, आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) गुंडाळतात आणि तिथून पुढे दुरुस्ती कठीण होऊन बसते.

चाकं आणि वीज उचलणाऱ्या पट्ट्या

इंजिन उलटं करून स्पंजच्या तुकड्यावर ठेवा. चाकांच्या कडेला काळा वेढा दिसेल. आयपीएत भिजवलेला टिश्यू रुळांवर आडवा अंथरा, इंजिनाची निम्मी चाकं टिश्यूवर आणि निम्मी उघड्या रुळावर धरून कंट्रोलर फिरवा. चाकं जागच्या जागी फिरून स्वतःच पुसली जातात. मग इंजिन उलटं फिरवून दुसरी बाजू. इंजिन अजिबातच फिरत नसेल तर बड घेऊन एकेक चाक हाताने पुसावं लागेल. रबराची रिंग असलेल्या चाकांतून वीज येत नाही, ती फक्त पकडीसाठी. त्या रिंगांना आयपीए लागू देऊ नका, सैल झाल्या असतील तर बदला.

देखाव्यात फिरलेल्या गाडीच्या बाबतीत इथे थोडा जास्त वेळ द्या. धुरा बारकाईने, उजेडात धरून बघा. कापसाच्या वस्त्रमाळेचे तंतू, लोकरीचे धागे, गालिच्याचे केस धुऱ्याला सुताच्या रिळासारखे गुंडाळलेले असतात. बाहेरून करडी बारीक कडी वाटते, चिमट्याने टोक पकडून उलट्या दिशेने ओढलं की वीतभर धागा निघतो. हेच धागे चाकाच्या मागे टेकणारी पट्टी चाकापासून दूर ढकलतात, आणि तेच गिअरमध्ये शिरले की मोटर गुणगुणत थांबते. एक धागा, दोन लक्षणं.

पट्ट्या म्हणजे फॉस्फर ब्राँझच्या बारीक जिभा, चाकाच्या पाठीला टेकलेल्या. प्रत्येक जीभ चाक दोन्ही बाजूंना सरकवलं तरी टेकलेली राहते ना ते बघा. नसेल तर चिमट्याने मुळाशी किंचित वाकवा. जास्त दाब दिला तर ती ब्रेकसारखं काम करते. त्यानंतर मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा रोध बघा (अर्धा-एक ओहम येतो) आणि तो वजा धरा. आता उजव्या बाजूचं एक चाक आणि डाव्या बाजूचं एक चाक यांच्यामध्ये मोजा. साध्या डीसी इंजिनात १० ते ४० ओहमच्या आसपास आकडा आला तर वीज मोटरपर्यंत जाऊन परत येते आहे. वीज पोचत नसल्याच्या तक्रारीत अमर्याद आला तरच बॉडी उघडायची वेळ आली.

बॉडी उघडल्यावर

एखाद्या ताटात जाड कापड पसरून त्यावर काम करा, म्हणजे स्क्रू फरशीवर उडत नाही. उघडण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. डिझेल आणि इलेक्ट्रिक इंजिनांची बॉडी बहुधा चार खाचांवर बसलेली असते; दोन्ही बाजूंना टूथपिक सरकवून ती हळूच फाकवली की वर येते. वाफेच्या इंजिनाला एक-दोन स्क्रू असतात, कधी चिमणीखाली, कधी पुढच्या बोगीमागे. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, एखादा स्क्रू राहिलाय.

'डीसीसी रेडी' इंजिन, म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा घेणारी डीकोडर नावाची पाटी बसवण्याची सोय असलेलं, असेल तर पहिली नजर ब्लँकिंग प्लगवर. आठ पिनच्या सॉकेटमध्ये एक छोटी पाटी खोचलेली असते. ती रुळांकडून आलेली वीज सरळ मोटरकडे वळवते. पाटी सैल झाली किंवा कुणी काढून ठेवली की इंजिन पूर्ण मेल्यासारखं वाटतं. पाटी हरवली असेल तर सॉकेटची १ आणि ८ नंबरची पिन आणि ४ व ५ नंबरची पिन बारीक तारेने जोडून मोटर चालवता येते.

आता मोटरला थेट वीज द्या. डीकोडर असेल तर आधी तो सॉकेटमधून काढा, तो जोडलेला असताना मोटरला बॅटरी लावली तर डीकोडर जातो. बॅटरीच्या दोन तारा मोटरच्या दोन टोकांना टेकवा. मोटर लगेच फिरली, तर ती ठणठणीत आहे आणि दोष मागच्या तारांत, सॉकेटात किंवा पट्ट्यांत आहे. तिथल्या सोल्डरच्या प्रत्येक जोडाला चिमट्याने हलकं ओढून बघा. करडा, दाणेदार दिसणारा जोड २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंदांत पुन्हा वितळवा. जास्त वेळ टेकवलं तर मोटरचं मागचं प्लास्टिक मऊ होऊन ब्रशची जागा सरकते.

बॅटरीनेही हलली नाही तर मोटरचा दांडा किंवा त्यावरचं जड चाक (फ्लायव्हील) बोटाने फिरवा. सहज फिरतोय? मग विजेची बाजू. अडकतोय? मग यंत्राची.

विजेची बाजू: ब्रश, कॉम्युटेटर, कपॅसिटर

मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा आणि दांडा सावकाश फिरवत राहा. आकडा थोडा वरखाली होणारच, पण सगळ्या स्थितींत आला पाहिजे. काही स्थितींत अमर्याद होत असेल तर कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो दांड्यावरचा तांब्याचा भाग) मळलाय किंवा एखादं टोक सुटलंय. आकडा शून्याजवळ चिकटून बसला असेल तर मोटरवर संशय घेण्याआधी तिच्या टोकांवर बसवलेला ०.१ मायक्रोफॅरॅडचा चपटा कपॅसिटर बघा. त्याचा एक पाय सोल्डर वितळवून मोकळा करा आणि पुन्हा मोजा. रोध पूर्ववत झाला तर गुन्हेगार तोच. तो नसला तरी मोटर चालते, फक्त जवळच्या रेडिओत खरखर येऊ शकते. सतत अमर्याद येत असेल तर मोटरच्या वाटेत सीरिजमध्ये जोडलेली छोटी चोक कॉइल तुटली आहे का बघा, मग ब्रशकडे वळा.

जुन्या उघड्या मोटरमध्ये ब्रश बाहेरून काढता येतात. स्प्रिंग उडते, म्हणून हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काम करा. ब्रश मार्गात सहज सरकला पाहिजे. तिरका झिजला असेल, किंवा इतका आखूड झाला असेल की स्प्रिंग त्याला कॉम्युटेटरवर दाबू शकत नाही, तर जोडीने बदला. निळसर पडलेली स्प्रिंग तापून तिचा ताण गेलेला असतो, तीही बदला.

कॉम्युटेटर म्हणजे दांड्यावरचे तांब्याचे तुकडे. तीन पोलच्या मोटरला तीन, पाच पोलच्या मोटरला पाच. इअरबडवर आयपीएचे दोन थेंब घेऊन दांडा फिरवत पुसा. बड काळा निघेल, दुसरा घ्या. तपकिरी, गुळगुळीत झाक चांगली असते, ती घासून चकचकीत करायची नाही. तुकड्यांमधल्या फटी महत्त्वाच्या: तिथे कार्बनची भुकटी भरली की शेजारचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि मोटर तापते पण फिरत नाही. लाकडी टूथपिकचं टोक कापून चपटं करा आणि प्रत्येक फटीतून एकदाच ओढा. सुई नको, तिने तांब्याची कड वर येते आणि ती ब्रश खात बसते.

वाइंडिंगचा खरा निकाल इथेच लागतो. तीन पोलच्या आर्मेचरवर ब्रश काढून तुकड्यांच्या तिन्ही जोड्या मोजा. समजा तिन्ही ठिकाणी १६ ओहम आले, तर वाइंडिंग ठीक. तेच आकडे २४, २४ आणि ४८ असे आले तर एक कॉइल तुटली आहे. एक जोडी बाकीच्यांपेक्षा बरीच कमी दाखवत असेल तर त्या कॉइलचे वेढे आपसात शॉर्ट झालेत. तुटलेलं टोक बऱ्याचदा कॉम्युटेटरच्या कानाशीच असतं आणि भिंगातून दिसतं. तिथला एनॅमल खरवडून सोल्डर केलं की काम होतं. आतून तुटलं असेल तर मोटर बदला. पंखे-मिक्सरचं रिवाइंडिंग करणारे इतकी बारीक तार सहसा हातात घेत नाहीत.

जुन्या मोटरचं चुंबक बाहेर काढू नका. पूर्वीची आल्निको चुंबकं लोखंडी चौकटीतून काढली की त्यांची ताकद उतरते; काढावंच लागलं तर दोन टोकांना लोखंडाचा तुकडा लावून ठेवा. चुंबक उतरलेली मोटर जास्त करंट खाते, तापते आणि डबे ओढत नाही.

बंद डब्याच्या मोटरमध्ये यातलं फार काही करता येत नाही. तिच्या मागच्या छिद्रातून थर न सोडणाऱ्या काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, दांडा हाताने फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच बॅटरी लावा. हा क्लीनर पेटतो, घाई करू नका.

यंत्राची बाजू: ग्रीस, गिअर, सांधे

बहुतेक इंजिनांत मोटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, असतो. वर्म चाक फिरवू शकतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून अडलेलं इंजिन रुळावर हाताने रेटायचं नाही. लहान मुलं नेमकं तेच करतात आणि नायलॉनच्या गिअरचे दात जातात. हाताने फिरवायचा तो फक्त मोटरचा दांडा.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात फॅक्टरीतलं ग्रीस मेणासारखं पिवळं-तपकिरी होतं. गिअरबॉक्सची खालची पट्टी काढा, टूथपिकने ग्रीस खरवडा, उरलेलं आयपीएने धुवा. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल वापरू नका, प्लास्टिक विरघळतं किंवा तडकतं. नवं ग्रीस प्लास्टिकला चालणारं, सिलिकॉनचं, वर्मवर मोहरीच्या दाण्याएवढं. दांड्याच्या दोन्ही बेअरिंगना हलक्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. जास्त झालं तर ते सरकत कॉम्युटेटरवर जातं, कार्बनमध्ये मिसळून काळी पेस्ट होते, आणि तुम्ही पुन्हा मागच्या भागात.

घरातलं खोबरेल तेल कुणीतरी हौसेने घातलेलं असतं. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत, सकाळी इंजिन चालत नाही आणि दुपारी ऊन आल्यावर चालतं, असा चमत्कार दिसला तर कारण हेच. सगळं धुऊन काढण्याला पर्याय नाही.

मोटर फिरते पण चाकं फिरत नाहीत, या तक्रारीत डिझेल इंजिनाचा कार्डन शाफ्ट, म्हणजे मोटरचं फिरणं चाकांकडे नेणारा दांडा, बघा. पार्सलमध्ये आपटलं की त्याचा गोल डोळा कपातून निघून येतो; चिमट्याने दाबून बसवला की झालं. तो जागेवर असेल तर वर्म दांड्यावर सैल झालाय. त्याला सुपरग्लू लावताना ते बेअरिंगमध्ये झिरपलं तर मोटर कायमची गेली, म्हणून वर्म बाहेर काढून, दांडा पुसून, धातूचे दांडे पक्के करणारं रिटेनिंग द्रव टाचणीच्या टोकाने लावा आणि रात्रभर ठेवा. तिसरी शक्यता तडकलेल्या गिअरची. प्लास्टिकचा गिअर धातूच्या धुऱ्यावर घट्ट बसवलेला असतो आणि वर्षांनी दोन दातांमध्ये उभा चिरतो. चाक फिरवताना दर फेऱ्याला एकदा 'टक्' आवाज आला की समजा. चिकटवून उपयोग होत नाही, गिअर बदलावा लागतो.

वाफेच्या इंजिनात दर फेऱ्याला एकाच जागी अडत असेल तर क्वार्टरिंग बिघडलंय: डाव्या-उजव्या बाजूच्या क्रँक पिना एकमेकींपासून ९० अंशांवर हव्यात, आणि सगळ्या धुऱ्यांवर सारख्याच. जोडदांडे काढल्यावर इंजिन मोकळं चालू लागलं तर निदान पक्कं.

खूप जुन्या इंजिनाचा जस्ताच्या ओतकामाचा सांगाडा फुगून, भेगा पडून मोटरला चिमटीत धरतो. मिश्रधातूतल्या शिशासारख्या अशुद्धीमुळे हे होतं आणि दमट हवेत लवकर वाढतं. त्यावर इलाज नाही. मोटर, चाकं, बॉडी वाचवा आणि सांगाडा सोडून द्या.

डीकोडर असलेलं इंजिन

डीसीसी इंजिन अबोल असेल तर आधी पत्ता, म्हणजे कंट्रोलर ज्या नंबराने इंजिनाला हाक मारतो तो. नव्या डीकोडरचा पत्ता ३ असतो. त्यावरही दाद देत नसेल तर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवून सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधल्या सेटिंगचा क्रमांक) ८ लिहा. बऱ्याच डीकोडरमध्ये याने फॅक्टरी सेटिंग परत येतं, पण मॅन्युअल बघून घ्या. साध्या डीसी कंट्रोलरवर ते चालत नसेल तर सीव्ही २९ मधला अॅनालॉगचा बिट (किंमत ४) बंद असू शकतो. चालू असला तरी असं इंजिन ५-६ व्होल्टपर्यंत हलत नाही, म्हणून नॉब थोडा पुढे नेऊन बघा. उलट, डीकोडर नसलेलं साधं इंजिन डीसीसी रुळांवर उभं करू नका; ते चिरचिरतं आणि उभ्या उभ्या तापतं.

डीकोडर जळालाच असेल तर नवा लावण्याआधी एक मोजणी चुकवू नका. सॉकेट रिकामं ठेवून मोटरचं प्रत्येक टोक आणि प्रत्येक बाजूचं चाक यांच्यातला रोध मोजा, चारही वेळा अमर्याद यायला हवा. एकदाही आकडा दिसला तर मोटर कुठेतरी सांगाड्याला टेकली आहे आणि नवा डीकोडरही पहिल्याच वळणावर जाईल.

मोटर बदलायचीच असेल तर

लांबी, रुंदी, दांड्याचा व्यास (१.५ किंवा २ मिमी बऱ्याचदा) आणि दांडा एका बाजूने की दोन्ही बाजूंनी निघतो, हे मोजून दुकानात जा, शक्यतो जुनी मोटर खिशात घालून. १२ व्होल्टचीच मागा. जुन्या सीडी प्लेअरमधली मोटर आकाराने बसते म्हणून लावली जाते, पण ती साधारण ६ व्होल्टची. पूर्ण वेगाला ती तापून मरते. वर्म जुन्या दांड्यावरून पक्कडीने ओढू नका, छोटा पुलर वापरा, नाहीतर वाकलेल्या दांड्याची थरथर नव्या मोटरमध्ये येते. वर्म आणि गिअर यांच्यात कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवा. गाडी उलट धावू लागली तर मोटरच्या दोन तारा आपसात बदला.

मग डब्यांशिवाय अर्ध्या वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून कंट्रोलर आणि रूळ यांच्यामधल्या एका तारेत सीरिजमध्ये जोडा. आताच्या बंद मोटरचं एचओ इंजिन डब्यांशिवाय साधारण ०.१ ते ०.२५ अँपिअर घेतं, जुनी उघडी मोटर त्याच्या दुप्पटही घेते. चालताना आकडा हळूहळू चढत असेल तर कुठेतरी अजून घासतंय, थांबून पुन्हा बघा. स्थिर झालेला आकडा पेन्सिलने इंजिनाच्या खोक्याच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन रुसलं की तुलना करायला तोच लागतो.